ऐकीव बाबासाहेब किती दिवस? मूळ दस्तऐवज वाचा!

वर्ष सरत आले की प्रस्थापित वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत ‘या वर्षी मी वाचलेली पुस्तके’ अशा याद्या छापून येतात. नामवंत लेखक, संपादक, प्राध्यापक, नट-नट्या आपापली पाच-दहा पुस्तके सांगतात. या याद्या चाळल्या तर आंबेडकरी चळवळीतून जन्मलेले पुस्तक त्यांत अपवादानेच दिसते. त्याबद्दल त्यांच्या दारात जाऊन गाऱ्हाणे मांडण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्या पूर्वजांना अक्षरओळखीचीही बंदी होती. आज त्याच समाजाची माणसे भाकरी बांधून दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर येतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. त्या समाजाने आपली यादी आपणच केली पाहिजे. म्हणून गेल्या वर्षभरात वाचलेल्या, काही प्रथमच आणि काही पुन्हा वाचलेल्या पुस्तकांविषयी आज लिहीत आहे. कथा, कादंबरी, कविता यांना मुद्दाम वगळले आहे. त्यांचे मोल कमी आहे म्हणून नव्हे, तर आज चळवळीसमोर जे प्रश्न आहेत त्यांना इतिहासाच्या, कायद्याच्या आणि विचारांच्या पुस्तकांतून थेट उत्तरे मिळतात म्हणून.

पुराव्याचा कायदा आणि आपली चळवळ

न्यायालयात एक साधा नियम आहे. दस्तऐवजात काय लिहिले आहे हे सिद्ध करायचे असेल तर मूळ दस्तऐवज हजर करावा लागतो. ‘अमक्याने मला सांगितले’ ही ऐकीव साक्ष सामान्यतः ग्राह्य धरली जात नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला, तरी हे तत्त्व कायम आहे. आता हाच नियम आपण आपल्या चळवळीला लावून पाहू. आपल्या व्यासपीठांवरून, बॅनरवरून, मोबाईलवरच्या संदेशांतून बाबासाहेबांच्या नावाने जी वाक्ये फिरतात, त्यांतल्या किती वाक्यांना खंड आणि पान सांगता येते? विरोधकांनीही आता हा धंदा सुरू केला आहे. बाबासाहेब कुणाच्या शाखेत गेले होते, बाबासाहेब अमक्या समाजाविषयी काय म्हणाले, अशी अर्धवट तोडलेली वाक्ये रोज पसरवली जातात. त्यांना उत्तर घोषणेने देता येत नाही. उत्तर खंडातल्या पानानेच देता येते.

एकच उदाहरण घेऊ. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हा आपला मंत्र. तो आपल्या प्रत्येक पत्रकावर असतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतील बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणात या तीन शब्दांचा क्रम निराळा आहे. आधी ‘एज्युकेट’, मग ‘अ‍ॅजिटेट’, मग ‘ऑर्गनाइज’. ‘अ‍ॅजिटेट’ हा मधला शब्द आहे, शेवटचा नाही. त्याचा अर्थ रस्त्यावरचा संघर्ष एवढाच, की शिकलेल्या माणसाच्या मनात उठणारी खळबळ, जिच्यातून संघटना उभी राहते? यावर दोन मते होऊ शकतात. पण हा वाद करायचा तर मूळ भाषण समोर असले पाहिजे. ज्यांनी ते वाचलेच नाही त्यांना असा प्रश्न आहे हेही कळत नाही. म्हणून वर्षभरातील पुस्तके निवडताना मी एकच कसोटी लावली. आपल्याला ऐकीव माहितीकडून मूळ पुराव्याकडे कोणते पुस्तक नेते?

वर्ध्याच्या मातीशी भिडलेले पुस्तक

यादीत पहिले नाव ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, म्हणजे जातिप्रथेचे विध्वंसन. यात नवे काय, असे कोणी म्हणेल. पण वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने ते वाचले की त्याला वेगळाच अर्थ येतो. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. भाषणाचा मसुदा पाहून मंडळाचे धाबे दणाणले. काही भाग गाळावा अशी विनंती आली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. अधिवेशन बारगळले आणि बाबासाहेबांनी १५ मे १९३६ रोजी ते भाषण स्वखर्चाने छापले. प्रती फक्त १५००. दोन महिन्यांत त्या संपल्या.

त्याच वर्षाच्या एप्रिलअखेरीस गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले होते. त्याचेच नाव १९४० मध्ये सेवाग्राम झाले. जुलै १९३६ मध्ये ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी या भाषणाचा समाचार घेतला. जातीचा धर्माशी संबंध नाही, वर्णाश्रम मात्र वेगळा आणि तो वाईट नाही, असा त्यांचा एकूण सूर. बाबासाहेबांनी १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे लेख जसेच्या तसे छापले आणि त्यांना जोडून आपले सविस्तर उत्तरही छापले. विरोधकाचे म्हणणे पूर्ण छापून मग त्याचा प्रतिवाद करायचा, ही ती बौद्धिक शिस्त! आज एकमेकांची अर्धी वाक्ये कापून फिरवणाऱ्यांनी ती शिकण्यासारखी आहे.

त्या लेखात गांधीजींनी दोन गोष्टी लिहिल्या, ज्या आपण सहसा सांगत नाही. एक, कोणत्याही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. दोन, आठ आणे ही किंमत फार आहे, ती दोन आणे, निदान चार आणे असायला हवी होती. म्हणजे ज्यांच्या विरोधात ते पुस्तक होते त्यांनीही ते वाचा म्हणून सांगितले आणि ते स्वस्त व्हावे असे म्हटले. मग ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्या आपल्या घरांत त्याची काय स्थिती आहे? ‘गांधी जिल्हा’ म्हणून वर्ध्याची जगभर ओळख आहे. देशोदेशीचे पाहुणे सेवाग्रामची कुटी पाहायला येतात. त्या कुटीत राहणाऱ्याशी झालेल्या गेल्या शतकातल्या सर्वांत मोठ्या वैचारिक वादाची दुसरी बाजू सांगणारा कार्यकर्ता आपल्या प्रत्येक गावात असायला नको काय? तो वाद विसाव्या शतकात सुरू झाला, पण निकाली निघालेला नाही. आंतरजातीय लग्न केलेल्या मुला-मुलींचे मुडदे आजही पडतात, तेव्हा तो वाद जिवंत आहे हे सिद्ध होते.

सातबारा नसलेल्यांचे अर्थशास्त्र

दुसरे पुस्तक आकाराने लहान पण वजनाने भारी. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’, म्हणजे ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’. अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी तयार केलेले आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निवेदन आहे. ते निवेदनाच्या भाषेत नाही, चक्क राज्यघटनेच्या कलमांच्या भाषेत लिहिलेले आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने ते मसुदा लेखनाचा धडा म्हणून वाचावे. त्यात बाबासाहेब म्हणतात की मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेती हा राज्याचा उद्योग असावा. जमीन राज्याने मोबदला देऊन ताब्यात घ्यावी, तिचे ठराविक आकाराचे भाग करावेत, गावकऱ्यांच्या गटांना जात-पात न पाहता सामुदायिक रीतीने कसायला द्यावेत आणि बी-बियाणे, खत, पाणी, अवजारे राज्याने पुरवावीत. कोणी जमीनदार नको, कोणी कूळ नको आणि कोणी भूमिहीन शेतमजूरही नको! शिवाय ही व्यवस्था येणाऱ्या-जाणाऱ्या सरकारच्या मर्जीवर न ठेवता घटनेतच लिहावी, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावरही त्यांना ते घटनेत आणता आले नाही. जे आले ते मार्गदर्शक तत्त्वांच्या रूपाने, आणि ती न्यायालयातून अंमलात आणता येत नाहीत.

हे आज का वाचायचे? वर्धा हा कापूस, सोयाबीन, तुरीचा जिल्हा. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम यांच्याबरोबर वर्धाही होता. त्यानंतर कर्जमाफ्या झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात पुन्हा कर्जमाफीसाठी मोठे आंदोलन झाले. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे आणि त्याच्या लढ्याला आपला पाठिंबाच असला पाहिजे. पण प्रश्न असा की, ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला कर्ज नाही, आणि ज्याला कर्ज नाही त्याला माफी कशाची मिळणार? उन्हात निंदण करणारी, कापूस वेचणारी बाई, वर्षाच्या बोलीवर राबणारा सालदार यांचा हिशेब कोणत्याच पॅकेजमध्ये येत नाही. यांत आपली माणसे किती आहेत हे सांगायला नको.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्याच दादासाहेबांच्या नावाने राज्य सरकारची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. अनुसूचित जातीच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर ओलिताची जमीन देण्याची ती योजना. कागदावर चांगली आहे. पण जमीन बाजारातून विकत घ्यायची, आणि सरकारी दरात विकायला कोणी पुढे येत नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये नेमके हेच ओळखले होते. जमिनीचा प्रश्न विकत घेण्या-देण्याच्या व्यवहारावर सोडला तर भूमिहीन भूमिहीनच राहतो. आपल्या निवडणूक जाहीरनाम्यांत मात्र आरक्षण, स्मारक आणि पुतळा याच्या पलीकडे जमीन किती वेळा येते? हे पुस्तक वाचले असते तर पहिल्या पानावर तीच आली असती.

आपल्या मुलखाचा इतिहास

तिसरे नाव वसंत मून यांचे. शासनाच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या ग्रंथमालेचे संपादक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. १९७९ मध्ये पहिला खंड आला आणि २००२ मध्ये निधन होईपर्यंत मूनसाहेबांनी या कामाला वाहून घेतले. अप्रकाशित हस्तलिखिते जपून, जुळवून, वाचून ती छापण्यायोग्य करणे हे काम पगारी नोकरीचे नव्हते. पण त्यांची स्वतःची दोन पुस्तके आपल्याकडे कमी वाचली जातात. एक ‘मध्यप्रांत-वऱ्हाडातील डॉ. आंबेडकरपूर्व दलित चळवळ’ आणि दुसरे ‘वस्ती’ हे आत्मकथन.

पहिले पुस्तक वाचून कळते की नागपूर-वऱ्हाडची ही भूमी बाबासाहेबांची वाट पाहत रिकामी बसलेली नव्हती. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे विसाव्या शतकाच्या आरंभीच ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे काढत होते. आज ज्या दैनिकात हा मजकूर छापून येतो आहे, त्याची वंशावळ तिथपर्यंत जाते. विठोबा रावजी मून, कालीचरण नंदागवळी, गणेश आकाजी गवई ही नावे आपल्या मुलांना सांगता येतात काय? यांतील काहींचे पुढे बाबासाहेबांशी मतभेद झाले. तेही सांगितले पाहिजे. मतभेद लपवून चळवळीचा इतिहास मोठा होत नाही. ‘वस्ती’मध्ये नागपूरच्या महारपुऱ्यातले बालपण आहे, दारिद्र्य आहे, समता सैनिक दलाची शिस्त आहे. हे पुस्तक रडत नाही. उपाशी असलेली वस्ती सभा कशी भरवते, वर्गणी कशी काढते, मुलांना कसे शिकवते, हे त्यात दिसते. संघटना कशी बांधायची असा प्रश्न पडलेल्या तरुणाने एखाद्या शिबिराऐवजी हे पुस्तक वाचले तरी चालेल.

चौथे पुस्तक उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’. १९८९ मध्ये आलेल्या या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास आणि त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखती आहेत. लेखिका गावोगावी फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांना भेटल्या, त्यांच्याच तोंडून ऐकले आणि लिहून घेतले. कायद्याच्या भाषेत हे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार! आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर हे साक्षीदार मिळाले नसते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिला परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. त्यांनी ठराव केले ते असे: स्त्रीला घटस्फोटाचा हक्क असावा, एकीपेक्षा अधिक बायका करण्यास बंदी असावी, गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, अपघाताची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे. हिंदू कोड बिल संसदेत अडकून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्या अंगठाबहाद्दर म्हटल्या गेलेल्या आज्या कायदेमंडळाच्या पुढे होत्या. आणि आज? विहारात उपासिकांची संख्या जास्त, खीरदानापासून वर्षावासापर्यंत सगळी कामे त्यांच्या माथी आणि विहार समितीच्या फलकावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सगळे पुरुष! हे पुस्तक विहारात वाचले तर समितीची पुढची निवड वेगळी होईल, असा माझा विश्वास आहे. कदाचित म्हणूनच ते वाचले जात नसेल.

पूजा नको, चिकित्सा हवी

पाचवे पुस्तक इंग्रजीतले. अशोक गोपाळ यांचे ‘अ पार्ट अपार्ट’ हे बाबासाहेबांचे २०२३ मधील जाडजूड चरित्र. मराठीत चांगदेव खैरमोडे यांनी १९५२ पासून बाबासाहेबांचे बारा खंडांचे चरित्र सिद्ध केले, धनंजय कीर यांचे इंग्रजी चरित्र १९५४ मध्ये आले. मग आणखी एक कशाला? कारण इंग्रजीत बाबासाहेबांवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यांची मराठी भाषणे आणि ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांतील लेखन नीट पाहिलेच नव्हते. गोपाळ यांनी त्या मराठी साधनांवर भर दिला. बाबासाहेब आपल्या माणसांशी आपल्या भाषेत काय बोलत होते हे त्यातून जगासमोर गेले. गंमत अशी की, ही साधने मराठीत आपल्या हाताशी आहेत. शासनाच्या अठराव्या खंडाच्या तीन भागांत बाबासाहेबांची मराठी भाषणे संकलित आहेत. इंग्रजी वाचक त्यांचा शोध घेतो आणि आपण मात्र त्यांच्यावरून दिवाणखान्यातली धूळ झाडतो!

याच्याच जोडीला डॉ. आनंद तेलतुंबडे यांचे २०२४ मधील ‘आयकॉनोक्लास्ट’ वाचले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचा हा माणूस. १४ एप्रिल २०२० रोजी त्यांना शरण जावे लागले आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ते तुरुंगाबाहेर आले. एक बाबासाहेबांचा जन्मदिवस, दुसरा संविधान दिन. त्यांच्या अनेक निष्कर्षांशी माझे मतभेद आहेत, आणि धम्मचळवळीत काम करणाऱ्याचे ते असणारच. पण बाबासाहेबांना देव्हाऱ्यात बसवू नका, त्यांची चिकित्सा करा, हा त्यांचा आग्रह बाबासाहेबांच्याच शिकवणीला धरून आहे. तथागतांनी कालामांना जे सांगितले ते यापेक्षा वेगळे नव्हते. सोशल मीडियावर तेलतुंबडेंना शिव्या देणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघांपैकी पुस्तक किती जणांनी वाचले आहे?

निकालपत्रही पुस्तकच आहे

सहावा मजकूर पुस्तकाच्या दुकानात मिळणार नाही. ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल. एका महिला पत्रकाराने तुरुंगांतील जातिभेदावर बातमी केली, तिच्यावरून याचिका झाली आणि न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे हे स्वतंत्र भारताच्या सरकारी नियमांत जातीप्रमाणे लिहिलेले होते! कलम १४, १५, १७, २१ आणि २३ यांची सांगड घालून दिलेला हा निकाल अस्पृश्यता संपली म्हणणाऱ्यांच्या हाती द्यावा. तो सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहे.

तुरुंगाचा विषय निघाला की परभणी आठवल्याशिवाय राहत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला वडार समाजातील तरुण सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या आईने लढा दिला, अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर न्यायालयात उभे राहिले आणि ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही ३० जुलैला आदेश कायम राहिला. संविधान वाचणाऱ्यांची पिढी तयार करायची तर ती कोणत्या परिस्थितीत तयार होत आहे, याचेही भान ठेवावे लागेल.

पुस्तक बाळगणे हा गुन्हा आहे काय?

हा प्रश्न वर्ध्याला नवा नाही. २ जानेवारी २०११ रोजी ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक सुधीर ढवळे वर्ध्यातील आंबेडकरी साहित्य संमेलनाहून परतत असताना त्यांना येथेच अटक झाली. त्यांच्या मुंबईच्या घरातून पुस्तके जप्त झाली. चाळीस महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये ते निर्दोष सुटले. त्या चाळीस महिन्यांची भरपाई कोण करणार? पुढे २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना पुन्हा अटक झाली आणि जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. याच प्रकरणातील अन्य दोघांना २८ जुलै २०२३ रोजी जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केवळ विशिष्ट साहित्य जवळ असणे हा दहशतवादी कृत्याचा गुन्हा ठरत नाही. हा निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात ठेवावा. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकात बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत बोललेले आणि लिहिलेले शब्दही येतात. म्हणून या निकालाचे महत्त्व अधिकच आहे.

खंड कोठे आहेत?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. मूळ दस्तऐवज वाचा म्हणायचे आणि मूळ दस्तऐवज मिळतच नसेल तर? १९८७ मध्ये चौथा खंड, ‘रिडल्स’, आला तेव्हा त्याविरुद्ध रान उठवले गेले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत त्याच्या प्रती जाळण्यात आल्या. आपली माणसे मुंबईच्या रस्त्यावर उतरली म्हणून तो खंड वाचला. आता खंड जाळावे लागत नाहीत, ते न छापले तरी काम भागते. २०२१ च्या अखेरीस ‘लोकसत्ता’तील वृत्ताची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न्या. प्रसन्ना वराळे आणि न्या. श्रीराम मोडक यांच्या खंडपीठासमोर आलेल्या त्या वृत्तानुसार, नऊ लाख प्रती छापण्याचे ठरले, ५ कोटी ४५ लाख रुपयांचा कागद घेतला गेला आणि चार वर्षांत छापल्या गेल्या फक्त ३३ हजार प्रती! बाबासाहेबांचे विचार छापा म्हणून न्यायालयाला सरकारला जाब विचारावा लागतो, यातच सर्व आले. स्मारकांच्या भूमिपूजनाला मात्र कोणत्याही पक्षाचे सरकार उशीर करत नाही.

पण नुसते सरकारकडे बोट दाखवून चालणार नाही. कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य सर्वांसाठी खुले होते. म्हणजे बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’, ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे मूळ इंग्रजी ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणालाही छापता येतात. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतात. त्यामुळे १९५७ चा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ २०१८ पासून खुला झाला आणि १९८७ मध्ये आलेला ‘रिडल्स’ मात्र २०४७ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अनुवादाचा हक्क अनुवादकाचा वेगळा असतो, तेवढी परवानगी घ्यावी लागेल. शिवाय इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च जरी वळवला तरी एका गावाला पुरतील एवढ्या प्रती निघतील. गांधीजींना आठ आणे जास्त वाटले होते. ते पुस्तक चार आण्यांत द्यायचे काम आज आपले आहे.

काय करता येईल?

आपल्याजवळ एक अशी परंपरा आहे, जी पुरवण्यांत याद्या छापणाऱ्यांजवळ नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. तीन महिने रोज संध्याकाळी लहान-थोर एकत्र बसून वैचारिक ग्रंथ वाचतात. हे सामर्थ्य ओळखून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, वर्षावास संपल्यावर वाचन थांबवू नये. आश्विन पौर्णिमेपासून १४ एप्रिलपर्यंत वर सांगितलेल्यांपैकी एक पुस्तक याच पद्धतीने वाचावे, आणि वाचनाची जबाबदारी उपासिकांकडे व महाविद्यालयीन मुला-मुलींकडे द्यावी. दुसरी, वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठही तालुक्यांत निदान एका विहारात खंडांचा पूर्ण संच असावा आणि महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यतेसाठी प्रयत्न करावा. कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या खिशात नसावी, एवढी मात्र अट! तिसरी, व्यासपीठावरून बाबासाहेबांचे वाक्य सांगणाऱ्याने खंड आणि पान सांगावे. सांगता आले नाही तर श्रोत्यांनी नम्रपणे विचारावे. दोन-चार सभांत असे झाले की वक्ते आपोआप वाचू लागतील.

बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले. ७ जुलै २०२० रोजी त्या राजगृहाच्या आवारात तोडफोड झाली, तेव्हा आपण सारे संतापलो आणि ते योग्यच होते. पण राजगृहाचे रक्षण पोलीस चौकीने होते तसेच ते वाचणाऱ्या समाजानेही होते. पुढच्या वर्षी याच सुमारास या स्तंभात वर्धा जिल्ह्यातील विहारांनी वाचलेल्या पुस्तकांची यादी छापता यावी, एवढीच अपेक्षा.

जयभीम! नमो बुद्धाय!